मोजा हवा, तर आधी मोजा

बँकेच्या सेवेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली, परंतु घरची जमाखर्चाची वही मी एकही दिवस बंद पडू दिली नाही. १९८७ साली संसार मांडला त्या महिन्यापासून रोजची नोंद, महिन्याची बेरीज आणि वर्षअखेरचा मेळ असा क्रम चालू आहे. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. 'लिहिल्यावाचून देऊ नये आणि वाचल्यावाचून सही करू नये' हे त्यांचे शिक्षण पुढे एम.कॉम.च्या पदवीपेक्षा अधिक उपयोगी पडले. अशा काटेकोर वहीत अडतीस वर्षे एक चूक दबून राहिली आणि ती मला गेल्या वर्षी कळली. कोणत्याही तपासनिसाला ती सापडली नसती, कारण आकडे अचूक होते. चुकले होते ते खात्याचे नाव. ही चूक मला दाखवली एका क्रोशाच्या सुईने.

आम्ही अंबरनाथ पूर्वेकडील पालेगावात राहतो. पूर्वी ज्या बाजूला मोकळी जमीन आणि औद्योगिक वसाहतीच्या वाटा दिसत, तेथे आता उंच इमारतींची संकुले उभी आहेत. सकाळी सहापासून माणसे स्टेशनकडे धावतात आणि दिवसभर इमारतीत उरतात ती आमच्यासारखी निवृत्त मंडळी, लहान मुले आणि त्यांच्या आज्या.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. उपचार वेळेवर मिळाले. वाणी परतली, चालणेही बरेच सुधारले. उजव्या हाताची बोटे मात्र पूर्ववत झाली नाहीत. ती डाव्या हाताने जेवू लागली, डाव्या हाताने सही करायलाही शिकली. तिने तक्रारीचा सूर कधी लावला नाही, म्हणून मीही समजलो की सर्व स्थिरस्थावर झाले आहे.

गेल्या वर्षी सूनबाईंनी गोड बातमी दिली. त्या दुपारी पत्नीने मला माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवायला सांगितले. पेटीत क्रोशाच्या सुया, उरलेल्या धाग्यांचे गुंडे आणि एक जुनी वही होती. तिने सुई उजव्या हातात धरली. सुई निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मग तिने पेटी बंद केली आणि म्हणाली, "बाजारातून आणू मोजे. हल्ली सगळं मिळतं."

हे वाक्य साधे वाटेल, पण आमच्या घरी ते साधे नव्हते. आमची दोन मुले, दिरांची आणि नणंदांची मुले, बदलीच्या प्रत्येक गावातील शेजाऱ्यांची बाळे, या सर्वांच्या पायांत पहिले मोजे हिच्या हातचे चढले होते. आता पहिल्या नातवंडाच्या वेळी ती पेटी मिटवून बसली होती. मी म्हणालो, "तू सांग, मी विणतो."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "अहो, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"म्हणूनच सांगतो, शिकव."

धाग्याची निवड

पहिला प्रश्न धाग्याचा आला. पेटीतील जुने धागे कसर लागून गेले होते, म्हणून मी उल्हासनगरच्या बाजारात गेलो. फाळणीनंतर सिंधी बांधवांनी शून्यातून उभी केलेली ही बाजारपेठ. कापडापासून बटणापर्यंत शिवणाचे कोणते सामान तेथे मिळत नाही, हे सांगणे अवघड आहे. दुकानदाराने विचारले, "मॅडमसाठी हवी का सुई?" मी म्हणालो, "नाही, मलाच शिकायचे आहे." त्यांनी क्षणभर चष्म्यावरून पाहिले आणि एक शब्द न बोलता चार डबे समोर ठेवले.

आपण सरसकट 'लोकर' म्हणतो, पण विणकामाच्या दुकानात जी स्वस्त आणि रंगीत लोकर असते ती बहुधा ॲक्रिलिक असते, म्हणजे खनिज तेलापासून तयार केलेला कृत्रिम धागा. खरी लोकर मेंढीच्या अंगावरची. तिसरा पर्याय सुती धाग्याचा. हातविणकामाच्या धाग्यात 'वर्धमान' हे नाव घरोघरी ठाऊक आहे. लुधियानाच्या ओसवाल परिवाराचा हा उद्योगसमूह १९६५ साली सुरू झाला. तेव्हा हा व्यापार आपल्याला परका नाही. ज्या घरांत रेशीम वर्ज्य मानतात, तेथे लोकरीविषयीही विचार होतो, आमच्याकडेही झाला. शिवाय आमच्याकडे वर्षातले बहुतेक महिने उकाड्याचे आणि घामाचे. कृत्रिम धागा घाम शोषत नाही. या सर्वांचा विचार करून मऊ सुती धागा आणि तीन मिलिमीटरची सुई घेतली. रंग फिका पिवळा निवडला. फिक्या धाग्यात टाके स्पष्ट दिसतात. शिकणाऱ्याने काळा किंवा गडद निळा धागा घेऊ नये, हा पत्नीचा पहिला नियम.

पहिले आठ दिवस

दोन सुयांवरच्या विणकामात सर्व टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात; एक निसटला तर खाली शिडीसारखी उसवण जाते. क्रोशाचे तसे नाही. टोकाला आकडा असलेली एकच सुई आणि तिच्यावर एकच जिवंत फास. बाकीचे सर्व टाके पुरे होऊन मागे बसलेले असतात. 'क्रोशे' हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थच लहान आकडा. म्हणून नवशिक्याने क्रोशापासून सुरुवात करावी, असे ही सांगते.

सरकगाठ, मग साखळी. सुईवर धागा घ्यायचा आणि फासातून ओढायचा. झाली एक साखळी. वाचायला हे दहा सेकंदांचे काम आहे. मला चार दिवस लागले. खरी कसरत सुईच्या हाताची नसते, धाग्याच्या हाताची असते. डाव्या करंगळीभोवती वेढा देऊन तर्जनीवरून आणलेला धागा ना घट्ट, ना सैल असा सरकला पाहिजे. माझ्या साखळीतील एक कडी मुगाएवढी तर दुसरी वाटाण्याएवढी होई. पत्नी डाव्या अंगठ्याने ती चाचपत असे आणि तिचा निकाल ठरलेला असे: "उसवा."

बँकेत खाडाखोड हा गुन्हा. चुकीची नोंद खोडायची नाही. तिच्यावर रेघ मारून सही करायची आणि दुरुस्ती दिसू द्यायची, या शिस्तीत माझे आयुष्य गेले. येथे धागा ओढला की तासाभराची चूक निमूट परत गुंड्यावर जाते आणि मागे डागही राहत नाही. सुरुवातीला उसवताना मला अपमान वाटे. पाचव्या दिवशी मी न सांगता उसवले, तेव्हा ही म्हणाली, "आता येईल तुम्हाला."

बावीस, अठ्ठावीस, चौतीस

साखळीनंतर मुका खांब. सुई टाक्यात घालून धागा ओढायचा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. बाळाच्या मोज्याला हा एवढा टाका पुरतो. वाचकांपैकी कुणाला करून पाहायचे असेल तर तळव्याचा हिशेब येथे देतो. पत्नीच्या जुन्या वहीतला आहे आणि चोख आहे.

अकरा साखळ्या घालाव्यात. सुईजवळची पहिली साखळी सोडून पुढच्या नऊ साखळ्यांत एकेक मुका खांब, शेवटच्या साखळीत तीन. मग काम न उलटवता साखळीच्या दुसऱ्या कडेने परत फिरावे: आठ साखळ्यांत एकेक आणि सुरुवातीच्या साखळीत आणखी दोन. बेरीज बावीस. दुसऱ्या फेरीत दोन्ही टोकांच्या वळणांवर तीन-तीन टाके वाढवावेत, बेरीज अठ्ठावीस. तिसऱ्या फेरीत तसेच, चौतीस. फेरी कोठे सुरू झाली ते कळण्यासाठी तेथे सेफ्टी पिन अडकवून ठेवावी.

माझा पहिला तळवा सपाट न होता वाटीसारखा वर वळला. दुसऱ्याच्या कडेला झालर आली. मी धाग्याला दोष दिला. पत्नी म्हणाली, "टाके किती आहेत?" मी मोजले नव्हते. तेव्हा तिने जे वाक्य टाकले ते आता आमच्या घरात म्हण झाले आहे: "मोजा हवा, तर आधी मोजा. बँकेत नोटा न मोजताच देत होतात का?"

मोजले तेव्हा उलगडले. वाटीत तिसऱ्या फेरीला एकतीसच टाके होते, झालरीत एकोणचाळीस. कागदावर आकृती काढून पाहिली. तळव्याची दोन टोके म्हणजे दोन अर्धवर्तुळे. जोडली तर एक पूर्ण वर्तुळ. मुक्या खांबाचे वर्तुळ सपाट राहण्यासाठी दर फेरीला साधारण सहा टाके वाढावे लागतात. कमी वाढले तर कडा आत ओढते आणि वाटी होते. जास्त वाढले तर जागा अपुरी पडून झालर येते. जिने कॉलेजचे तोंड पाहिले नाही तिने हे गणित बोटांत साठवले होते. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर, मला ते कागदावर मांडावे लागले.

पुढचे सोपे आहे. चौथ्या फेरीत टाक्याचा फक्त मागचा धागा उचलावा, म्हणजे काठ उभा राहतो. तीन फेऱ्या साध्या चौतीसाच्या. मग बोटांकडच्या बारा टाक्यांचे दोन-दोन एकत्र करून सहा करावेत, अठ्ठावीस उरतात. पुढच्या फेरीत आठाचे चार, चोवीस. या चोवीस टाक्यांवर घोट्यासाठी चार-पाच फेऱ्या चढवल्या की मोजा पुरा. तळवा साडेआठ-नऊ सेंटिमीटर भरावा. कमी-जास्त झाला तर सुई एका क्रमांकाने बदलावी.

जोडी जमेना

एका मोज्याला मला अकरा दिवस लागले. दुसरा सहा दिवसांत झाला. दोन्ही शेजारी ठेवले आणि माझा चेहरा उतरला. टाके तेवढेच, फेऱ्या तेवढ्याच, धागा तोच. पण पहिला दुसऱ्यापेक्षा बोटभर लहान. पहिल्याच्या वेळी हात भीतीने आवळलेला होता, दुसऱ्याच्या वेळी सैलावला होता. हिशेब जुळूनही जोडी जुळली नव्हती.

मी पहिला उसवायला घेतला. पत्नीने माझ्या हातावर हात ठेवला. "तो राहू द्या. तिसरा विणा, दुसऱ्याशी जुळेल." आणि तो जुळला. शिकणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला देण्यासारखा आहे: दोन मोज्यांसाठी तीन विणायची तयारी ठेवावी, आणि शेवटचे दोन शक्य तो लागोपाठ विणावेत.

बाळासाठी खबरदारी

काही गोष्टी हौसेपेक्षा महत्त्वाच्या आहेत. मोज्यांना मणी, बटणे, टिकल्या लावू नयेत. सुटून तोंडात जातात. घोट्याला नाडी किंवा घट्ट इलॅस्टिक नको. सर्वांत आधी मोजा उलटा करून आतली बाजू पाहावी. आत सुटलेला धागा किंवा आईचा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो आणि बाळ का रडते हे कुणाला कळत नाही. म्हणून धाग्यांची टोके टाक्यांतून मागे-पुढे फिरवून पक्की करावीत आणि प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा पाहावे. घालण्यापूर्वी मोजे एकदा धुवावेत.

नवजात बाळाच्या अंगातील उष्णता लवकर कमी होते. वजनाने कमी असलेल्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात, तेव्हाही टोपी आणि मोजे घालतात. परंतु बाळाचे तळवे थोडे थंड असणे स्वाभाविक असते. त्याला थंडी वाजते की उकडते हे छातीला किंवा मानेला हात लावून ठरवावे. उन्हाळ्यात हौसेखातर मोजे घालून ठेवू नयेत.

'फावल्या वेळचे' काम

तिसरा मोजा विणून होईपर्यंत इमारतीत बातमी पसरली होती. एक भगिनी कौतुकाने पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या भाचीसाठी एक जोड द्या ना. शंभर रुपये देते. नाहीतरी तुम्ही फावल्या वेळातच करता." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. मी स्वतः वर्षभरापूर्वी हेच बोललो असतो. आता मात्र ते वाक्य टोचले.

मी हिशेब मांडला. धागा तीस-पस्तीस रुपयांचा. माझा वेग वाढल्यावरही एका जोडीला सात तास लागत होते. पत्नीला विचारले, "तुला किती लागायचे?" ती म्हणाली, "साडेतीन-चार तास. रात्री तुम्ही आणि मुलं झोपल्यावर." म्हणजे तिच्या वेगानेही धाग्याचा खर्च वजा जाता तासाला सतरा-अठरा रुपये. घरकामाला येणाऱ्या मावशीला आम्ही एवढ्या कमी दरात बोलावण्याचे धाडस करणार नाही. आणि रात्री सगळे झोपल्यावर उरतो, त्याला फावला वेळ म्हणायचे का?

मग या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकात बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसने असंख्य कुटुंबांच्या तोंडी घास घातला. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला आणली आणि तेथील क्रोशाची लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या अभ्यासिकेने १९८२ साली नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक बोचरे सत्य आहे. माल जागतिक बाजारात जात होता, पण विणणाऱ्या स्त्रिया कामगार म्हणून मोजल्याच जात नव्हत्या. त्या 'गृहिणी', त्यांचे काम 'फावल्या वेळचे', आणि म्हणून मजुरीही नाममात्र. व्यापार करणारा वेगळा, विणणारी वेगळी.

महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवण आणि हस्तकला शिकवली गेली, ती विरंगुळा म्हणून नव्हे. हातात कमाईचे साधन यावे म्हणून. अलीकडे, जानेवारी २०१६ मध्ये, चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या समूहाच्या स्त्रियांनी घरोघरी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण मांडले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. एकत्र पसरल्यावरच ते श्रम जगाला दिसले.

क्रोशाचा टाका यंत्राने विणला जात नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. बाजारात क्रोशाची म्हणून स्वस्तात मिळणारी वस्तू एक तर यंत्रावरची नक्कल असते, नाहीतर कुणाच्या तरी हातांना अत्यल्प मोबदला मिळालेला असतो. आपल्यापैकी अनेकांची कापडाची, होजिअरीची, भेटवस्तूंची दुकाने आहेत. हातविणीचा माल घेताना आपण धाग्याचा भाव विचारतो, टिकाऊपणा पाहतो. एकदा तासांचाही हिशेब विचारावा. ज्या व्यवहारात दुसऱ्याचे श्रम बिनमोल धरले जातात, त्या व्यवहाराचा नफा कागदावर कितीही शुद्ध दिसो, तो पुरता शुद्ध नसतो.

वहीतली चूक

त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या. १९८८, थोरल्याचा जन्म: 'लोकर, रु. १८'. १९९१, धाकटीच्या वेळी: 'लोकर व सुई, रु. २६'. पुढे प्रत्येक गावी, दर हिवाळ्यात अशीच नोंद. आणि प्रत्येक नोंदीसमोर माझ्याच वळणदार अक्षरांत खात्याचे नाव होते: 'किरकोळ'. शाईची बाटली किरकोळ, रद्दीची सुतळी किरकोळ, आणि हिच्या लोकरीचा गुंडाही किरकोळ. लग्नकार्यांत दिलेल्या आहेरांची यादी मी वेगळी ठेवली होती. हिने रात्री जागून दिलेल्या आहेरांची एकही नोंद नव्हती. आकडे बरोबर होते. खाते चुकले होते.

नात जानेवारीत झाली. तिसऱ्या दिवशी तिच्या पायांत ते पिवळे मोजे घातले. पाच मिनिटांत तिने एक उडवून दिला. पत्नी म्हणाली की आमच्या थोरल्यानेही असेच केले होते. तो लहान राहिलेला पहिला मोजा पत्र्याच्या पेटीत आहे. पत्नीने तो आपल्या जुन्या वहीच्या पानांत ठेवला आहे. त्या पानावर मी माझ्या अक्षरांत बावीस, अठ्ठावीस, चौतीस असे आकडे लिहिले होते; चुकलेले एकतीस आणि एकोणचाळीसही तिने खोडू दिले नाहीत.

एक एप्रिलला नवी वही घातली. त्यात 'विणकाम' हे स्वतंत्र खाते उघडले. मागील अडतीस वर्षांचे येणे काय निघते, ते मांडायला बसलो. किती मोजे, किती टोपडी, किती तास? विचारू लागलो, तेव्हा हिने डाव्या हाताने वही मिटली.

"ते राहू द्या. त्या बाईंच्या भाचीचा जोड बाकी आहे. आणि या वेळी शंभर नाही, साडेतीनशे सांगा."